डाव्या पायाला नाल

माझे वडील हवालदार खंडेराव जगदाळे तीन वेळा चँपियन झाले, पण ज्या शर्यतीत झाले ती आज दिल्लीत कुणाला आठवत नाही. शास्त्री भवनात नोकरीला असताना मी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, की आमचे आबा बिनब्रेकच्या मोटरसायकलवर राखेत शर्यती खेळायचे. आमचे सेक्शन ऑफिसर म्हणाले, "सर्कस में थे क्या?" घरी येऊन मी हे आबांना सांगितलं. आबा पोट धरून हसले. म्हणाले, "सर्कशीत निदान खाली जाळी असती. पण माणसं भेटली मला. माणसं लई चांगली भेटली."

ती माणसं मी पाहिलेली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आबांचं गाव माण तालुक्यातलं. १९४९ साली अठराव्या वर्षी ते फौजेत भरती झाले, तोवर त्यांनी साधी सायकलही चालवली नव्हती. जबलपूरला सिग्नल्सच्या ट्रेनिंगमध्ये त्यांना डिस्पॅच रायडर केलं, म्हणजे लष्कराचं टपाल मोटरसायकलवरून एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पोचवणारा जवान. पहिल्या दिवशी उस्तादांनी गाडी सुरू करून दिली आणि थांबवायची कशी हे सांगायच्या आतच आबा निघाले. अकरा फेऱ्या झाल्या तरी थांबेनात. शेवटी उस्ताद मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडून ओरडून सांगू लागले, तेव्हा कुठे गाडी थांबली. उस्ताद चिडले होते, पण त्यांनी वहीत शेरा लिहिला तो असा: पडला नाही.

पुढे बदली दिल्ली कँटोन्मेंटला झाली. १९५६ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आबांच्या कॅप्टनसाहेबांना एका जुन्या स्टोअरमध्ये ताडपत्रीखाली चार विचित्र गाड्या सापडल्या. कुणी इंग्रज मेजर जाताना टाकून गेला होता. गाड्या हलक्या, सडपातळ. गिअर एकच, ब्रेक नाहीच, किकही नाही. मागून कुणीतरी ढकलल्याशिवाय सुरू होत नसत. कॅप्टनसाहेबांनी तरुणपणी विलायतेत असल्या शर्यती पाहिल्या होत्या. त्यांनी परवानगी काढली, परेडच्या मैदानामागे लंबगोल ट्रॅक आखला आणि बिजलीघरातून ट्रक भरभरून कोळशाची राख आणून पसरली. वेगवेगळ्या युनिटांतल्या रायडरांना बोलावणं गेलं.

शर्यत अशी, की एका वेळी चौघे, फेऱ्या चार, आणि वळायचं फक्त डावीकडे. वळणावर गाडी आवरायची नाही. उलट तिचं मागचं चाक बाहेर घसरू द्यायचं, हँडल उजवीकडे फिरवायचं आणि डावा पाय राखेत टेकवून त्याच्या आधाराने सगळी गाडी आडवी घसरत न्यायची. ऐकायलाच उलटं वाटतं. आबा पहिल्या आठवड्यात इतके पडले, की त्यांच्या कोपरांना राखेचा काळा रंग कायमचा बसला. मी लहानपणी तो खरवडून काढायचा प्रयत्न करत असे.

दुसरी पंचाईत बुटाची. राखेत घासून डाव्या पायाचा बूट दोन दिवसांत फाटायचा. क्वार्टरमास्टर तिसरा बूट द्यायला तयार होईना. कँटोन्मेंटातच खेचरांची एक कंपनी होती. तिच्यात मारुतराव पाटोळे नावाचे कोल्हापूरकडचे नालबंद होते. संध्याकाळी मराठी जवान एकत्र बसायचे, तिथे आबांनी फाटका बूट त्यांना दाखवला.

मारुतरावांनी बूट उलटसुलट केला. "खेचराला चार नाली लागतात. तुला एकच पायजे. त्यात काय!"

त्यांनी पोलादी पट्टी भट्टीत तापवून बुटाच्या तळाच्या आकाराची केली, पुढून वर वळवली आणि घोट्याला बांधायला चामड्याचे दोन पट्टे लावले. पहिल्या दिवशी ती सटकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाच उचलून पुन्हा ठोकली. तिसऱ्या दिवशी आबा वळणावर गेले, नाल राखेवर टेकली आणि पाय लोण्यावरून गेल्यासारखा सरकला. गाडी आडवी झाली, मागे राखेचा पंखा उडाला आणि आबा पडले नाहीत. कुंपणावर बसलेले मारुतराव ओरडले, "मळणीचा बैल फिरला रे फिरला!" कँटोन्मेंटमधल्या मराठी मंडळींत आबांचं नाव तेव्हापासून मळणीचा बैल पडलं. मळणी म्हणजे काय ते मला आईने समजावून सांगितलं. दिल्लीत वाढलेल्या मुलीला खळ्यातला तिवडा आणि त्याभोवती फिरणारे बैल कुठून ठाऊक असणार?

१९५७ ची पहिली शर्यत आबांनी जिंकली. त्याच वर्षी माझा जन्म झाला, म्हणून माझं नाव विजयमाला. १९५८ चीही त्यांनीच जिंकली. दोन्ही वेळा दुसरा आला तो अजैबसिंग. टँकवाल्यांच्या युनिटातला, उंच, अबोल. त्याचं घर मूळचं लायलपूरकडचं. फाळणीत सगळं सोडून कुटुंब पानिपतला आलं होतं आणि बाप तिथे मागावर खेस, म्हणजे जाड सुती चादरी, विणत होता. १९५८ च्या शेवटच्या वळणावर दोघांच्या गाड्या घासल्या. अजैबसिंगचं म्हणणं, आबांनी मुद्दाम कोपर मारलं. आबांचं म्हणणं, तोच आत घुसला. पंचांनी निकाल बदलला नाही. पुढचं वर्षभर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. सरावालाही एक सकाळी यायचा, तर दुसरा संध्याकाळी.

आईला हा खेळ मुळीच आवडत नव्हता. ती नव्यानेच गावाहून क्वार्टरमध्ये आली होती. त्या गाड्यांच्या इंजिनात एरंडेल घालायचे. आबा घरी आले की कपड्यांना, केसांना एरंडेलाचा वास. आई, म्हणजे शेवंता, नाकाला पदर लावून म्हणायची, "माणसं एरंडेल पोटात घेतात, तुम्ही अंगाला लावून येता." तिला हिंदी येत नव्हतं. बाजारात बोट दाखवून भाजी घ्यायची. क्वार्टर सोडून एकटी कधी कुठे गेली नव्हती.

१९५९ च्या जानेवारीत कॅप्टनसाहेबांनी ठरवलं, की यंदा शर्यत शहरातल्या लोकांनाही दाखवायची. किंग्जवे कॅम्पच्या बाजूला एका मैदानावर ट्रॅक तयार केला. भोवती लाकडी फळ्यांचं कुंपण, पलीकडे हजारो माणसं. त्या सकाळी धुकं उशिरा उठलं आणि एका वळणावरची राख ओलीच राहिली.

फायनलच्या तिसऱ्या फेरीत आबा पुढे होते, अजैबसिंग त्यांच्या मागे जेमतेम एक गाडीभर अंतरावर. ओल्या जागेवर आबांचं मागचं चाक घसरायचं थांबलं आणि चिकट राखेत एकदम रुतलं. गाडीने त्यांना उचलून टाकलं. ते ट्रॅकच्या मधोमध पडले, गाडी त्यांच्या मांडीवर. मान वळवली तर समोर अजैबसिंगचं पुढचं चाक. आबा सांगत, "मी डोळं मिटलं. म्हणलं, झालं."

अजैबसिंगने हँडल उजवीकडे फेकलं आणि गाडी आडवी पाडली. ती आबांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेली आणि तो तिच्यासकट फळ्यांच्या कुंपणावर आदळला. चार फळ्या मोडल्या. त्याच्या डाव्या खांद्याचं आणि गळ्याजवळच्या हाडाचा पार भुगा व्हायचा तेवढा राहिला.

सगळ्यात जवळचं हॉस्पिटल हिंदूरावचं. दोघांना एकाच अँब्युलन्समधून तिथे नेलं. आबांचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, याला आता जागचा हलवायचा नाही, मिलिटरी हॉस्पिटल वगैरे नंतर बघू.

आबांना शुद्ध आली तेव्हा पाय वर टांगलेला होता आणि वजनं लोंबत होती. ते पुटपुटले, "माझी गाडी कुठं हाय?"

"गाडीचं काय घेऊन बसलात? पाय जाग्यावर आहे ते बघा आधी," कुणीतरी मराठीत म्हणालं.

आबांना वाटलं, आपण साताऱ्यात आहोत. त्या होत्या सिस्टर अलकनंदा साळवे. नगरच्या, ख्रिस्ती. नवरा रेल्वे बोर्डात कारकून, म्हणून दिल्लीत आलेल्या. वॉर्डात त्यांचा दरारा मोठा होता. आबांनी पाय हलवला की त्या लांबूनच म्हणत, "जगदाळे!" आणि पाय थांबे.

शेजारची खाट अजैबसिंगची. त्याचा खांदा पांढऱ्या प्लास्टरमध्ये. तीन दिवस दोघे छताकडे बघत पडून राहिले. चौथ्या दिवशी आबांना राहवेना.

"अजैबसिंग, मुझे क्यूँ बचाया?"

"बचाया-वचाया कुछ नहीं. सामने आदमी था."

"पिछले साल का झगड़ा..."

"याद आता तो तेरे ऊपर से जाता," अजैबसिंग म्हणाला. "टाइम ही नहीं मिला याद करने का."

आणि तो हसला. हसल्यावर खांदा दुखला म्हणून कळवळला, ते बघून आबाही हसले. त्यांची मांडी कळवळली. सिस्टर धावत आल्या आणि दोघांना ताकीद मिळाली, की या वॉर्डात हसायचं नाही.

इकडे आई. युनिटमधल्या माणसाने येऊन सांगितलं, खंडेराव हॉस्पिटलात आहेत, काळजी करू नका. ती दारात बसून राहिली. पोरीला कडेवर घेऊन कँटोन्मेंटहून हिंदूरावला जायचं कसं, कुणाला विचारायचं, कोणत्या भाषेत? आबांनी हे सिस्टरना सांगितलं. रविवारी सिस्टरना सुट्टी होती. त्या दोन बस बदलून आमच्या क्वार्टरवर आल्या. आई सांगायची, दारात पांढऱ्या साडीतली बाई बघून तिचं काळीजच थांबलं होतं.

सिस्टर म्हणाल्या, "अगं, तो बरा आहे. चांगला दोन भाकऱ्या मागतोय. चल, पोरीला टोपी घाल."

त्यांनी आईला बरोबर नेलं. जाताना प्रत्येक वळणावर खुणा दाखवल्या: इथे घोड्यांची पाणपोई, इथे लाल चर्च, इथे उतरायचं. येतानाही पोचवायला आल्या. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "आज तू मला ने. मी गप्प बसणार." आईने नेलं. तिसऱ्या खेपेपासून ती एकटी जाऊ लागली. कंडक्टरशी तिचं पहिलं हिंदी भांडणही त्याच महिन्यात झालं, आणि ते तिने जिंकलं. आई म्हणायची, यांचा पाय मोडला तेव्हा माझे दोन्ही पाय सुटले.

आबा तीन महिन्यांनी उठले. डावा पाय पाऊण इंच आखूड झाला होता. मेडिकल बोर्डाने त्यांना हलक्या कामावर टाकलं. स्टोअरमध्ये टायर आणि ट्यूब मोजायच्या. अजैबसिंगचा खांदा जुळला, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. त्याचं रेसिंग संपलं ते कायमचंच. आबा मनात कुढत राहिले. माझ्या पायी एका चांगल्या रायडरचा हात गेला, आता मी कोणत्या तोंडाने गाडीवर बसू? १९६० ची शर्यत त्यांनी बघायलाही जायचं टाळलं.

त्यानंतर महिन्याभराने अजैबसिंग स्टोअरमध्ये आला. टायरांच्या ढिगावर बसून त्याने विचारलं, "तू यहाँ क्या कर रहा है?"

"ड्यूटी."

"खंडू, मैं उस फट्टे में किसलिए घुसा था? तू टायर गिने, इसलिए?"

आबा पुन्हा ट्यूब मोजू लागले. अजैबसिंग उठला. "कल सुबह छे बजे. धक्का मैं दूँगा. एक हाथ काफी है."

मारुतरावांनी जुनी नाल काढली, तिच्यावर पाऊण इंचाची आणखी एक तळी चढवली आणि आबांना उभं करून ओळंब्याने दोन्ही गुडघे एका रेषेत आले का ते बघितलं. आई मात्र चिडली. "एक पाय देऊन झाला, आता दुसरा पण द्यायचाय का?" ती तरातरा हिंदूरावला गेली, सिस्टरनी आबांना समज द्यावी म्हणून. एव्हाना ती कुठेही तरातरा जाऊ शकत होती.

सिस्टर म्हणाल्या, "हाड पक्कं जुळलंय, शेवंता. डॉक्टरांना दाखवून घ्या आणि चालवू दे त्याला. पण त्याला सांग, परत पडला तर त्याचं बेडपॅन मी उचलणार नाही."

डॉक्टरांनी बघितलं, बोर्डानेही हो-ना करत सही केली. १९६१ ची शर्यत कँटोन्मेंटच्याच ट्रॅकवर होती. मी चार वर्षांची. माझी पहिली आठवण हीच आहे: प्रचंड आवाज, एरंडेलाचा वास आणि सिस्टर अलकनंदांच्या मांडीवर बसून कानांत घातलेली बोटं. त्या दोन मैत्रिणी-नर्सेस घेऊन आल्या होत्या. आई शेवटपर्यंत ट्रॅककडे पाठ करून बसली होती.

निशाण पडलं. अजैबसिंगने उजव्या हाताने असा धक्का दिला, की तो स्वतःच राखेत गुडघ्यांवर पडला. आबा पहिल्या वळणावर तिसरे होते. दुसऱ्या फेरीतही तिसरेच. पाय टेकवायला भीती वाटत होती, हे त्यांनी मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. वळण आलं की मांडीतून जुनी कळ यायची. तिसऱ्या फेरीत कुंपणापाशी अजैबसिंग दिसला. हात वर करता येत नव्हता म्हणून तो पागोट्याचं टोक सोडून हलवत होता आणि ओरडत होता, "पैर रख! पैर रख, ओए!"

आबांनी पाय टेकवला. नाल राखेवर बसली. गाडी बाहेरून मोठा पंखा उडवत घसरली आणि वळणातून निघताना आबा दुसरे होते. शेवटच्या वळणावर पहिला जरा जास्तच बाहेर गेला, आणि जी फट राहिली तिच्यातून आबा आत शिरले. अर्ध्या चाकाने जिंकले.

कप घेताना त्यांनी अजैबसिंगला ओढून बरोबर नेलं. फोटोत कप अजैबसिंगच्या उजव्या हातात आहे, आबा त्याच्या खांद्याएवढे, काळे, फक्त दात दिसताहेत. तो कप त्यांनी घरी आणलाच नाही. तसाच अजैबसिंगच्या ट्रंकेत घातला. आई म्हणाली, "बरं केलंत."

१९६२ ला आबा तिसरे आले. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला चीनशी लढाई सुरू झाली. ट्रॅकवर तंबू पडले, गाड्या पुन्हा ताडपत्रीखाली गेल्या आणि परत कधी निघाल्या नाहीत. मारुतराव खेचरांबरोबर नेफाच्या आघाडीवर गेले. आबांचा पाय आखूड म्हणून त्यांना दिल्लीतच ठेवलं आणि पुन्हा टपालाच्या गाडीवर बसवलं. मारुतराव हिमबाधेने दोन बोटं गमावून परत आले, तेव्हा आबा स्टेशनवर गेले होते. मारुतरावांचं सामान आबांनी दुसऱ्या कुणालाही उचलू दिलं नाही.

आबा १९७३ ला रिटायर झाले. गावी न जाता दिल्लीतच राहिले, कारण आईला आता गाव लहान वाटायचं. नारायणा भागात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते शिकवायचे. मलाही स्कूटर त्यांनीच शिकवली. पहिल्या दिवशी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आबा, घसरेल." ते म्हणाले, "घसरू दे. घसरताना कुठं बघायचं ते शिक." त्या स्कूटरवरून मी बावीस वर्षं ऑफिसला गेले.

नाताळात आई हिंदूरावला करंज्यांचा डबा पोचवायची. सिस्टर रिटायर होऊन नगरला गेल्या तेव्हापासून डबा पार्सलने जाऊ लागला, आणि तिकडून दर वर्षी न चुकता कार्ड यायचं. त्यात शेवटी एकच प्रश्न असे: जगदाळे पाय नीट टाकतो ना?

आणि पानिपत. वर्षातून दोनदा तरी आबा रोडवेजची बस पकडून पानिपतला जायचे. गावाकडून आलेले नातेवाईक चकित व्हायचे. एक चुलते म्हणाले, "पानिपतावर जातोस? आपलं काय ठेवलंय तिथं? होतं नव्हतं ते तिथंच गेलं."

"माझा माणूस हाय तिथं," आबा म्हणाले आणि पिशवी भरू लागले.

१९९६ च्या फेब्रुवारीत त्यांना एकट्याने बसचा प्रवास झेपेना, म्हणून मी बरोबर गेले. अजैबसिंगचाचांचं घर मागांच्या गल्लीत, दिवसभर खटाखट आवाज. कप दर्शनी खोलीत होता, त्यात कंगवे आणि चष्मे ठेवलेले. चाचीजींनी आम्हाला मक्याची रोटी वाढली आणि नको नको म्हणताना माझ्या पिशवीत एक जाडजूड खेस कोंबला. दोघे म्हातारे फार बोलत नव्हते. उन्हात खाटेवर बसून एक म्हणायचा, "वो गीला मोड़..." आणि दुसरा नुसती मान हलवायचा.

सकाळी मी चहाचा पेला घेऊन अंगणात आले. चाचांना गुरुद्वारात जायचं होतं. पागोटं बांधायच्या आधी ते लांबलचक कापड दोघांनी दोन टोकांना धरून ताणून घडी घालायची असते. एरवी चाचीजी धरतात. त्या दिवशी आबांनी टोक धरलं होतं. निळं कापड अंगणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेलं, एका टोकाला आखूड पायावर तिरके उभे आबा. घड्या घालत घालत ते चाचांच्या जवळ आले. मग चाचा वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले. डावा हात वर जात नव्हता, म्हणून त्या बाजूचे फेरे आबांनी दिले. एक फेरा वाकडा बसला.

"ओए खंडू, सीधा लपेट," चाचा म्हणाले.

"हिल मत फिर," आबा म्हणाले आणि तो फेरा उलगडून पुन्हा घालू लागले.